न कोरलेला अनुस्वार

मार्गशीर्षातली कोवळी, केशरी, किंचित कापरी सकाळ. कृष्णेच्या पात्रावरून धुके उठत होते. आणि उठता उठता घाटाच्या पायऱ्या, पिंपळाचा पार, पेठेतली कौले, घेतलेले सारे एकेक करून शहराला परत देत होते. सर्वांत शेवटी त्याने परत दिले ते शारदा ज्ञानमंदिर.

कृष्णपाषाणाची ती वास्तू. श्यामल, सुघड, स्तब्ध. चौसष्ट वर्षे शहराच्या हाती पुस्तके देत उभी राहिलेली. तिच्या मधल्या कमानीवर, लांबरुंद शिलापट्टीवर, तिचे नाव कोरलेले होते.

ते नाव यल्लाप्पा पाथरवटाने कोरले होते. आणि यल्लाप्पाला वाचता येत नव्हते.

अक्षर म्हणजे त्याला वेल. अक्षर म्हणजे त्याला वळण. कंत्राटदाराचा माणूस कागदावरून दगडावर गेरूच्या रेघा ओढून द्यायचा आणि यल्लाप्पा त्या रेघांवरून छिन्नी न्यायचा, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून बोट न्यावे तशी. रेघेबाहेर केसभर नाही, रेघेआत केसभर नाही. काठ इतके कोवळे की मुंगीलाही त्यावरून चालताना ठेच लागू नये.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. तोरणे, ताशे, जरीचे फेटे, अत्तराचे फवारे. घडवणारे हात दोरीच्या बाहेर उभे. यल्लाप्पाच्या खांद्यावर त्याची लेक अंबू, सात वर्षांची, नगरपालिकेच्या शाळेत दुसरीत शिकणारी. त्या घराण्याच्या साऱ्या पिढ्यांत अक्षर ओळखणारी पहिली.

तिने मान उंचावली. बोट उंचावले. आणि खणखणीत, निरागस, निष्ठुर आवाजात वाचले : “शा-र-दा ज्ञा-न-म-दि-र.” मग खुदकन हसली. “अप्पा, टिंबच नाही की रे! मंदिर नाही, मदिर झालंय!”

दोरीपलीकडे कुणीतरी हसले. “मदिर? म्हणजे मदिराच म्हणा की!” हसू फेट्यांवरून फेट्यांवर उडत गेले, व्यासपीठापर्यंत गेले. ताशे थांबले होते; म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेले.

कंत्राटदार तडक दोरीशी आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “अडाण्याच्या हाती अक्षर दिलं की असंच व्हायचं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. “यापुढे या इमारतीला तुझी छिन्नी लागता कामा नये.”

यल्लाप्पाने वर पाहिले. त्याच्या डोळ्यांना तिथे काहीच चुकलेले दिसेना. वेलीला पान कमी आहे, हे वेल पाहून त्याला कळले असते; हे कळले नाही. त्याने लेकीला खांद्यावरून हलकेच खाली उतरवले आणि दोन्ही हात जोडले.

घरी जाताना अंबूने विचारले, “अप्पा, रागावलास?”

“न्हाई गं. तुला वाचता येतं, मला येत न्हाई. तुझं खरं हाय.” थोडे चालून गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात, त्या तसल्या दिवशीसुद्धा, कुठेतरी अभिमान होता, “माझी पोर वाचती.”

त्यानंतर यल्लाप्पाने अक्षर कोरले नाही. नक्षी कोरली नाही. शहरात कुणी त्याला कोरायचे काम दिलेही नाही. माळावरच्या खाणीत तो खडी फोडू लागला. ज्या हातांतून कमळे उमलली, त्या हातांतून खडी सांडू लागली. दिवसामागून दिवस, ढिगामागून ढीग, निराकार, निर्नाम, निमूट.

ज्ञानमंदिरावर पांढऱ्या रंगाचे एक टिंब कुणीतरी दिले. पावसाळ्यात ते पुसले जाई. दिवाळीला पुन्हा दिले जाई. यल्लाप्पा त्या रस्त्याने कधी गेला नाही. अंबू मॅट्रिक झाली तेव्हा तिचे नाव ज्ञानमंदिराच्या फळ्यावर लागले होते. तो घाटाकडून वळसा घालून घरी आला आणि म्हणाला, “तूच सांग काय लिवलंय. मला तिथं कळत न्हाई.”

अंबूची अंबूताई झाली. तिने अडतीस वर्षे शाळेत शिकवले. कुणा मुलाच्या वहीत अनुस्वार राहिला तर ती लाल पेन उचलत नसे; त्याला जवळ बोलावून हळूच कानात सांगत असे. का, ते कुणाला ठाऊक नव्हते. यल्लाप्पा कधीच गेला होता. क्षमा मागायचे तिच्या मनात वर्षानुवर्षे होते, आणि वर्षानुवर्षे ते ओठांपर्यंत येऊन परत गेले होते. बापाची चूक होती, हे खरेच होते. पण ती आपण ओरडून सांगायला नको होती, एवढेच तिचे दुःख होते.

म्हणून ज्ञानमंदिराच्या जीर्णोद्धाराचे ठरले तेव्हा तिने अर्ज केला. “माझ्या वडिलांच्या हातून राहून गेलेला अनुस्वार कृपया कोरून घ्यावा.” सुबक अक्षर, खाली सही. आता पाऊस कितीही पडला तरी ते टिंब पुसले जाणार नव्हते. आता वर पाहून कुणी हसणार नव्हते.

आणि आज, या धुकेरी सकाळी, परांचीवर चढलेल्या एका तरुण कारागिराने ‘म’च्या माथ्यावर छिन्नी टेकवली. टक, टक, टक. सुपारीएवढे टिंब. काळ्या शिळेवर ताजे, करडे, ओलसर दिसणारे. खाली उभ्या असलेल्या अंबूताईंचे डोळे भरून आले. चौसष्ट वर्षांचे ऋण फिटले, असे त्यांना वाटले.

“बाई, तुमच्यासाठी एक गंमत ठेवलीय,” जीर्णोद्धाराचे काम पाहणारी कस्तुरी म्हणाली. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. “पोटमाळ्यावर पत्र्याच्या नळीत सापडलं. नावाच्या पट्टीचं मूळ रेखाटन. यावरूनच तुमच्या वडिलांनी कोरलं.”

तिने मेजावर पिवळा पडलेला कापडी कागद उलगडला. अंबूताईंनी चष्मा नीट केला. तेच वळण, तीच वेलांटी, तोच दंड. शारदा ज्ञान–

पुढचा शब्द त्यांनी एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग बोट ठेवून वाचला, दुसरीतल्या मुलीसारखा.

टिंब नव्हते.

कोपऱ्यात कंत्राटदाराची फर्डी, फुलोऱ्याची सही होती आणि वर दोन शब्द : तपासले. बरोबर.

“बाई?” कस्तुरीने वाकून पाहिले, आणि तिलाही कळले. “म्हणजे चूक त्यांची नव्हतीच! त्यांनी तर हुबेहूब कोरलं होतं.”

“केसभरही इकडे-तिकडे नाही,” अंबूताई म्हणाल्या. मग कागदावरचे बोट उचलून, “कस्तुरी, आता कोरलेलं ते बुजवता येईल?”

“दगडातून गेलेलं परत येत नाही, बाई. बुजवलं तरी डाग दिसेल.” तिने कागदाची कड सरळ केली. “आपण पाटी लावू ना. त्यांचं नाव लिहू. चूक कागदाची होती, असं स्पष्ट लिहू.”

“लाव. जरूर लाव. वाचणारे वाचतील.” त्यांनी चष्मा काढला. “पण ज्याला वाचताच येत नव्हतं, त्याला कोण सांगणार गं?”

अंबूताई रिक्षाने माळावर गेल्या. खाण केव्हाच बंद पडली होती, आणि कित्येक पावसाळ्यांनी ती भरली होती. उभे, काळे, कातीव कडे. कड्यांवर पहारींचे वण, ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. आणि तळाशी नीलकृष्ण, निश्चल, अथांग पाणी.

काठाशी घाणेरीची झुडपे होती. त्यांना धरून अंबूताई उभ्या राहिल्या. एक्काहत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्या बाई, शहराला शुद्धलेखन शिकवणाऱ्या.

“अप्पा,” त्या म्हणाल्या, “तुझं चुकलं नव्हतं रे.”

ऊन कड्यावरून एक वीत खाली सरकले. एक पाणकोंबडी लव्हाळ्यात शिरली. आणि ते काळे, खोल, समजूतदार पाणी होते तसेच राहिले. हलले नाही, त्यावर एक तरंगही उमटला नाही.