उंच मुलीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची. पाठ ताठ, बैठक विणलेल्या वेताची आणि पाय जरा आखूड. पाय जन्मापासून असे नव्हते. ते असे का झाले, तेच आज तुम्हाला सांगते.

एका मोठ्या शहरातल्या सुताराच्या दुकानात मी घडले. मला घडवून घेतलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं. तिची एकुलती एक लेक चिंगी. नाव चिंगी, पण उंची अशी की दारातून जाताना मान वाकवावी लागे. ती इतिहासात एम.ए. करायला लागली, तेव्हा बाई तिला घेऊन दुकानात आली. गळ्यातली टेप काढून तिनं लेकीच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं.

"दादा, पोरीला आता तासन्‌तास बसायचंय. पाय नीट टेकले पाहिजेत."

सुतार हसला. "बाई, खुर्ची शिवताय की काय?"

माझे ते दिवस सुखाचे होते. चिंगी शहरातल्या जुन्या अनाथालयातल्या मुलींवर प्रबंध लिहीत होती. एखादं वाक्य जमलं की ते मोठ्यानं वाचायची. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन थांबायचं. बाईला त्यातलं कळो न कळो, ती म्हणायची, "छान झालंय गं." मग मशीन पुन्हा सुरू.

दुसऱ्या वर्षी चिंगीचे डोळे पिवळे झाले. एका सकाळी ती आईचा हात धरून जिना उतरली, इस्पितळात गेली, आणि परत आली नाही.

मित्रांनो, घरात माणूस गेलं की रडारड होते. या घरात झाली नाही. बाई एकटीच घरी आली, मशीनवर बसली आणि अर्धवट राहिलेला परकर शिवून पुरा केला. पुढं दोन वर्षं ती मला रोज पुसत राहिली, पण माझ्यावर कधी टेकली नाही. दुपारी दारातून माझ्याकडे बघत म्हणायची, "चहा ठेवलाय गं." चहा टेबलावर गार व्हायचा. मी रिकामी असूनही मला जड वाटायचं.

मग एक मुलगी खोली भाड्यानं घ्यायला आली. लांबच्या गावाहून इतिहासात एम.ए. करायला आलेली, अंगानं लहानखुरी. घरचे तिला बुटकी म्हणत. ती स्वतःच हे हसत सांगायची. नदीवरचा जुना पूल बांधणाऱ्या मजुरांवर तिला लिहायचं होतं. ती माझ्यावर बसली आणि तिचे पाय अधांतरी राहिले.

"मावशी, पायाखाली काही मिळेल का?"

"कशाला? बरोबर तर टेकतायत," बाई म्हणाली.

मुलीनं खाली पाहिलं. पाय हवेतच होते. पण परक्या शहरात मायेनं दोन घास वाढणारं माणूस भेटलं होतं. तिनं पाय तसेच लोंबते ठेवून वही उघडली.

तिथून हळूहळू सुरू झालं. आधी चिंगीची शाल आली, मग चिंगीचा कुर्ता. मापात कधी सूतभरही न चुकणारी ती बाई, पण घोट्यापर्यंत लोळणारा तो कुर्ता बघून म्हणाली, "अगदी अंगासरसा बसलाय." मग एके दिवशी चिंगीच्या प्रबंधाचे कागद टेबलावर आले. "तेवढं पुरं कर ना. थोडंच राहिलंय." पुलाचे कागद फडताळात गेले. मुलगी विद्यापीठात जाईनाशी झाली. चिंगी अशी हाक आली की ओ देऊ लागली. एकदा गावाहून आईचा फोन आला. "बुटके, कशी आहेस?" "कोण हवंय?" मुलीनं विचारलं, जणू चुकीचा नंबर लागला होता. लिहिताना ती वाक्यं मोठ्यानं वाचायची, आणि मला ऐकू यायचा तो आवाज कुणाचा, हे मला सांगता येत नसे.

एका दुपारी तिच्या प्राध्यापिका जिना चढून आल्या. बाई कपडे पोचवायला बाहेर गेली होती. त्यांनी टेबलावरची पानं वाचली.

"ही मांडणी माझ्या ओळखीची आहे. चिंगीलाही मीच शिकवलंय."

"मावशींना ते पुरं व्हायला हवंय," मुलगी म्हणाली.

"आणि तुला?"

मुलगी पानं सारखी करत राहिली.

"इतिहास शिकायला आलीस ना? मग या घरात काय झालं, हे कधी विचारलंस?"

संध्याकाळी बाई चहा घेऊन आली. मुलीनं तिला पलंगावर बसवलं आणि हळूच विचारलं, "मावशी, चिंगी कशी गेली?"

"गेली कुठं? चिंगी आहे की..." बाई थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. "चिंगी उंच होती."

त्या घरात चिंगीबद्दल 'होती' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"मी तिचं शेवटचं तोंड पाहिलं नाही. डॉक्टर बोलावत होते. मी इस्पितळाच्या जिन्यातच बसून राहिले. पाहिलं असतं तर मानावं लागलं असतं."

मुलीनं तिचा हात धरला. मग बाई खूप वेळ बोलत राहिली आणि खूप वेळ रडली.

सकाळी ती टेप घेऊन आली. "काढ तो कुर्ता. ये, तुझं माप घेते." खांदा, कंबर आणि शेवटी गुडघा ते टाच. त्याच दिवशी तिनं सुताराला बोलावलं. करवत माझ्या पायांवरून फिरली. मला दुखलं, पण मी कुरकुरले नाही. मुलगी बसली, आणि तिचे पाय फरशीला टेकले.

चिंगीचे कागद प्राध्यापिकांनी विभागात ठेवले, तिच्याच नावानं. "अपुरं आहे, पण तिचं आहे," असं त्या म्हणाल्या. मुलीनं आपला पूल पुरा केला, एम.ए. झाली आणि गावाकडच्या कॉलेजात शिकवायला गेली. अधूनमधून तिचा फोन येतो. बाई म्हणते, "बोल बुटके."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, वेत सैल झाला तर विणून घ्या. पण गेलेल्या माणसाच्या जागी दुसऱ्याचं लेकरू बसवू नका. आणि कुणी असं बसलेलं दिसलं, तर जवळ जाऊन विचारा.

आता दुपारी बाई स्वतः माझ्यावर बसून काजं-बटणं करते. कधी मध्येच तिचा हात थांबतो. जिन्यावर कुणी लांब ढांगा टाकत चढत असल्यासारखं वाटतं. आम्ही दोघी कान देऊन ऐकतो. जिन्यावर कुणी नसतं. मग ती सुईत नवा दोरा ओवते.