मापाचा चहा

"मावशी, पातळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. चहा आला, ताक आलं, आमटीचा रस्सा आला, गोळी गिळायचा घोटसुद्धा आला. सगळं या तांब्यात धरायचं. त्याच्या वर थेंब नाही."

दौंडच्या दवाखान्यातल्या सविता सिस्टरांनी हे सांगितलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. पण तानुबाई सकाळी गॅसपाशी उभी राहिली की तो आवाज कानाशी यायचाच. दाखवलेल्या मापाचा एक तांब्या तिनं वेगळा काढला होता. रोज सकाळी तो भरून ठेवायचा. किडन्या गेलेल्या नवऱ्याला, तात्याबांना, जे काही पातळ द्यायचं, तेवढं पाणी त्यातून ओतून टाकायचं. तांब्या रिकामा झाला की त्या दिवसाची तहान संपली असं समजायचं.

समजायचं तिनं. तात्याबांची तहान कुठली संपायला.

मांडवगण फराट्यात तात्याबांचा चहा सगळ्यांना माहीत होता. गुळाचा, आलं ठेचून घातलेला, तांबडालाल होईस्तोवर उकळलेला. दूध वेगळं तापवून, भांडं खाली उतरवल्यावर घालायचं, नाहीतर गुळानं फाटतं. कप असा भरायचा की थोडा बशीत सांडलाच पाहिजे. आधी ते सांडलेलं प्यायचे, मग उरलेला बशीत ओतून, बशी दोन्ही हातांनी ओठाशी धरून ओढायचे. शेजारची जाईबाई म्हणायची, "तात्याबा चहा प्यालं की आमच्या कोंबड्या जाग्या व्हत्यात."

आता पेल्याच्या तळाला चार घोट असायचे आणि ते तात्याबा चमच्यानं प्यायचे. चमचा तोंडात ठेवून बराच वेळ बसून राहायचे.

त्यात बघायला येणाऱ्यांची रीघ. आजाऱ्याच्या घरून माणूस कोरड्या तोंडानं गेलं तर दुखणं घरातच मुक्काम करतं, असं तानुबाईची सासू सांगायची. त्यामुळे येईल त्याला चहा व्हायचाच. सुरुवातीला तानुबाई पाहुण्यांना बाहेर ओट्यावर कप द्यायची. मग तात्याबांनीच आतून हाक मारायला सुरुवात केली. "हितं येऊन पी की. मी काय हिसकून घेणार हाय?"

एकदा म्हस्कू आला. त्यांच्याच वयाचा, जन्माचा चेष्टेखोर. कप हातात घेऊन तो अवघडून बसला.

"पी की," तात्याबा म्हणाले. "आन् मुक्यानं पिऊ नगंस. आवाज करून पी."

म्हस्कूनं बशी ओढली.

"आलं लागतंय?"

"लागतंय."

"घशाला का जिभंला?"

"घशाला. ठसकाच लागला जरा."

"म्हंजी जून हाय आलं. आन् गूळ?"

"गूळ बेताचाच."

"बेताचा म्हंजी कमी पडलाय. सांग की तिला. घाबरतोस व्हय?"

"तुझ्या बायकूला समदा गाव घाबरतो," म्हस्कू म्हणाला. "मी कोण लागून गेलो."

तात्याबा हसले. हसता हसता त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. दारात उभी असलेली तानुबाई आत वळली.

आठवड्यातून दोनदा दौंडला रक्त शुद्ध करायच्या मशीनवर जायचं. आधी काट्यावर उभं करायचे. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते काटा दाखवायचा. उन्हाळ्यात एकदा काटा भलताच पुढे गेला. पाय टम्म सुजलेले, धड बोलताही येत नव्हतं.

"बाबा, काय प्यायलात?" सविता सिस्टरांनी विचारलं.

"काय न्हाई."

"काटा सांगतोय ना."

तात्याबा खाली बघत राहिले. मग म्हणाले, "वासराच्या बादलीतलं."

तानुबाईनं माठ उचलून कोठीत ठेवला होता. मोरीच्या नळाची मूठ काढून कनवटीला लावली होती. वासराची बादली तिच्या ध्यानात आली नव्हती.

त्या संध्याकाळी परत येताना ती बिरोबाच्या देवळापाशी उतरली. भंडारा वाहिला आणि हात जोडून म्हणाली, "देवा, ह्यास्नी एकडाव भरल्या कपानं चहा पिऊ दे. तवर मी चहाला शिवणार न्हाई."

सोमवार, एकादशी, चातुर्मासात एक वेळचं जेवण, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. हा नवस मात्र जड गेला. कितीतरी दिवस डोकं ठणकायचं. ती कुणाला काही बोलली नाही, पण खोपटाएवढ्या घरात चहा सुटलेला लपतो थोडाच. तात्याबा एकदा म्हणाले, "माझी तहान माझ्यापाशी राहू दे की. तू कशाला वाटून घेतीस?" तिनं वाती वळायला घेतल्या.

दिवाळी झाली. कारखाने पेटले. मुलगा हनुमंत पाटसला कारखान्यावर सीझनच्या कामाला लागला. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरून गेला. मशीनच्या सुया टोचायची तात्याबांच्या हातातली शीर बंद पडली, म्हणून मानेत नळी घातली. मग मशीनवर झोपवलं की डोळे पांढरे व्हायला लागले. एका मंगळवारी मशीन अर्ध्यातच थांबवावं लागलं.

डॉक्टरांनी हनुमंतला आणि तानुबाईला बाहेर बोलावलं. "मशीन आता त्यांच्या हृदयाला झेपत नाहीये. पुन्हा लावलं तर मशीनवरच काही होऊन बसेल. घरी न्या. धाप कमी व्हायला औषध देतो."

तानुबाईनं विचारलं, "आन् तांब्या?"

डॉक्टरांना कळलं नाही. सविता सिस्टरांना कळलं. त्यांनी तानुबाईच्या दंडाला धरलं. "आता माप नको, मावशी. त्यांना आवडेल ते द्या."

भाड्याची जीप आली. तात्याबांना मागच्या सीटवर निजवलं. ड्रायव्हर काच पुसत होता, तेवढ्यात हनुमंतनं आईला बाजूला घेतलं.

"आये, आबाला यातलं काय बोलू नगं. हाय तेवढं दिस सुखात जाऊ दे."

"आन् चहा?"

"चहा दे की. पायजे तेवढा दे."

"हनुमंता, भरून दिला की त्यास्नी कळंल रं."

हे हनुमंतच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यानं जीपच्या दाराची मूठ धरली. "मंग अर्धा दे," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी तानुबाईनं मापानंच दिला. तात्याबांनी चमच्यानं घेतला. पेला परत देताना तो आडवा करून शेवटचा थेंब जिभेवर पाडला. तिनं पेला विसळून पालथा घातला. आयुष्यभर तिनं उपास केले ते आपल्या देहाचे. मरणाऱ्या माणसाला उपाशी ठेवायचं पुण्य कुठल्या देवानं मागितलंय, असं तिच्या मनात आलं, आणि ते रात्रभर गेलं नाही.

सकाळी तिनं तांब्या भरलाच नाही. आलं ठेचलं. गूळ हात सोडून घातला. दूध वेगळं तापवून वरून ओतलं आणि कप काठोकाठ भरला. थोडा बशीत सांडला.

सून मोनिका तिच्या बिनसाखरेच्या चहासाठी आत आली होती. तिनं कप बघितला. "आत्या, मामांना एवढा?"

"व्हय."

मोनिका वाटेतून बाजूला झाली.

तात्याबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी कप घेतला, बशीकडे बघितलं.

"सांडलाय."

"सांडू द्या."

वाफ त्यांच्या तोंडावर येत होती.

"शुक्रवारी जायचंय का दौंडला?"

"न्हाई."

"मंग मंगळवारी?"

"न्हाई वो."

तात्याबांनी मान हलवली. पाट कधी सुटणार ते कुणी सांगावं आणि ऐकून घ्यावं, तशी. "हनम्या काय म्हणला? आबाला सांगू नगं म्हणला आसंल."

"व्हय."

"मंग त्याला म्हणावं, आबाला काय ठावं न्हाई."

त्यांनी सांडलेलं आधी प्यायलं. मग कपातला थोडा बशीत ओतला. बशी हलत होती म्हणून तानुबाईनं खालून हात लावला. त्यांनी ओढला. आवाज झाला, पण बारीक, पूर्वीसारखा नव्हे. दुसरा घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

"आलं लागतंय का?" तिनं विचारलं. "सांगा की. गूळ बराय?"

तात्याबा जीभ टाळ्याला लावून बघत राहिले. एखादी गोष्ट कुठं ठेवली ते आठवत असावेत तसे.

"काय लागत न्हाई, तानू. लोखंड चाटल्यावानी लागतंय."

"उकळी कमी पडली आसंल."

"न्हाई. तुझा हात हाय तसाच हाय. माझी जीभच गेली."

चहावर साय धरायला लागली. तानुबाई त्या सायीकडे बघत होती. तिनं भरला कप मागितला होता. देवानं भरला कप दिला होता. चव तिनं मागितली नव्हती. ती मागायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता तू पी," तात्याबा म्हणाले. "नवस फिटला की तुझा."

"नगं मला."

"फिटलेला नवस अंगावर ठिवू नये. पी."

तिनं कप उचलला. कितीतरी महिन्यांनी तोंडाला चहा लागला. गार झालेला होता. औषध घ्यावं तसा तिनं तो संपवला. तिला सगळं लागलं, आलंही आणि गूळही. तिनं पदरानं तोंड पुसलं.

तात्याबांनी डोळे मिटले होते. झोप लागली असं वाटून ती उठायला लागली, तर ते म्हणाले, "माझी आय मेंढीच्या दुधाचा करायची."

"कवा?"

"आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो तवा. माझं दुधाचं दात बी पडलं नसत्याल. घोडीवरच्या डेचकीत करायची. गूळ आसला तर गूळ, न्हाईतर मिठाचा खडा. दूध आसं दाट, जिभंवर तुपावानी बसायचं. दुपारपतुर जायचं न्हाई." ते थांबले, धाप लागली होती. "पाटाला पाणी आलं, माझ्या बापानं ऊस लावला आन् मेंढरं इकली. त्यापास्नं न्हाई मिळाला."

तानुबाईनं त्यांच्या छातीवर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं. रोज दोन वेळा तिच्या हातचा चहा पिणाऱ्या माणसाच्या जिभेवर दुसराच एक चहा बसलेला होता.

"जाईबाई कालच म्हणत व्हती," ती म्हणाली, "इनामगावच्या रस्त्याला कुणाच्या तरी रानात मेंढरं बसलीत. नगरकडचं धनगर हायती."

"लांब हाय ते."

"आसू दे."

"हनम्या कामावर. कोण जाणार?"

"मी जाते. उद्याच्या चहाला मेंढीचं दूध आणते."

तात्याबांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. "लागंल का गं चव?"

खोटं बोलणं सोपं होतं. "ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर आणते."

"आण मंग," ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे कुशीवर वळले.

पहाटे त्यांचा श्वास बदलला होता. एक आला की दुसऱ्याला वेळ लागत होता. हनुमंत रात्रपाळीवरून अजून आला नव्हता. मोनिका उशाशी बसली होती, आणि तानुबाई डोक्यावर पदर घट्ट बांधत होती.

"आत्या, आत्ता नका जाऊ," मोनिका हळू आवाजात म्हणाली. "श्वास बघा ना. तुम्ही तिकडं, आन् इकडं काय झालं तर?"

तानुबाई थांबली. त्या श्वासाचा अर्थ तिला मोनिकापेक्षा जास्त कळत होता. सासू गेली त्या पहाटे तिचा तिनं असाच ऐकला होता.

"उजाडू तरी द्या. हे आले की गाडीवर जातील."

"उजाडलं की मेंढरं रानात सुटत्यात. मंग दूध कुठलं?" ती म्हणाली. "तू त्यांचा हात धरून बस. सोडू नगंस. आन् देवापुढं दिवा तूच लाव आज."

अंघोळीनंतर देवाला दिवा लावल्याशिवाय ती आजवर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. मोनिकानं मान हलवली आणि तात्याबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

तानुबाईनं फळीवरची लहान किटली काढली, विसळून पालथी केली, पुसली. तात्याबांच्या पायांना हात लावला. ते गार होते. तिनं त्यांच्यावर वाकळ नीट पांघरली.

बाहेर धुकं होतं. तोडलेल्या उसाच्या रानात पाचट ओलं झालं होतं. चपला हातात घेऊन ती अंगणातून गेली आणि रस्त्यावर आल्यावर पायात घातल्या. किटलीचं झाकण सैल होतं, पावलागणिक वाजत होतं. तिनं त्यावर तळहात दाबून धरला आणि इनामगावच्या रस्त्याला लागली.