तिरकी खाच

आजोबांनी खुर्ची खडखडवत मागे ओढली आणि भिंतीलगतच्या शेवटच्या रांगेत बसले.

"इतक्या मागून काय दिसणार, कपाळ?" आजी कुजबुजली.

"बघायचं तेवढं बघून झालंय माझं."

दारात त्यांची नात मदतपेटी घेऊन उभी होती. ताडमाड वाढली, कॉलेजात गेली, तरी घरात ती टिल्लीच. आजोबा शाळकरी असताना याच शहरात एका समाजाची कत्तल झाली होती. वाचले ते परागंदा झाले. त्यांच्या मदतीसाठी टिल्लीनं मैत्रिणींबरोबर कॉलेजच्या सभागृहात त्यांच्या आठवणींचा हा माहितीपट लावला होता. आजी लग्न होऊन इथे आली ती पुष्कळ नंतर. तिला सगळं ऐकीवच.

दिवे मालवले. पडद्यावर एक म्हातारी बोलू लागली. मारणाऱ्यांविषयी ती फारसं बोललीच नाही. स्वयंपाकघराविषयी बोलत राहिली.

"वाढदिवसाला बाबा आम्हाला दाराच्या चौकटीशी उभं करायचे. डोक्याच्या उंचीवर सुरीनं खाच पाडायचे. धाकटा भाऊ टाचा उचलायचा. एकदा बाबांनी पकडलं आणि त्याची खाच मुद्दाम तिरकी पाडली. म्हणाले, लबाडाची खाच लबाड. पुढचा वाढदिवस काही त्याला आला नाही."

आजीच्या हातातली रुमालाची घडी अर्धीच राहिली.

लबाडाची खाच लबाड. हे वाक्य तिच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मुलांच्या वाढदिवसाला आजोबा त्यांना स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं करत आणि खालची तिरकी खाच दाखवून म्हणत, "हा मी! टाचा उचलल्या होत्या." पोरं खदखदून हसत. पुढे टिल्लीही तशीच हसली. शेजारच्या सरळ खाचा कुणाच्या, हे कधी कुणी विचारलंच नाही. रंगारी आला की आजी बजावायची, "एवढी चौकट सोड हं बाबा. आमच्या ह्यांचं बालपण आहे ते."

तिनं शेजारी पाहिलं. आजोबा पडद्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. दारात टिल्लीनं पेटी खाली ठेवली होती.

घरी आल्या आल्या आजीनं चहा टाकला. टिल्ली बूट न काढताच आत आली, चौकटीपाशी उकिडवी बसली आणि तिरक्या खाचेवर तिनं बोट ठेवलं.

"आजोबा, टाचा कोण उचलायचं?"

आजोबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसताच हातात धरून राहिले.

"माझ्याच बाकावर बसायचा," ते म्हणाले. "टाचा उचलल्या की जीभ बाहेर यायची त्याची. ही खाच त्यानंच दाखवली होती मला."

"आणि हे घर?"

"वडिलांना मिळालं."

चहा उतू गेला. आजीनं गॅस बंद केला आणि फडकं घेतलं. याच फडक्यानं ती इतकी वर्षं त्या खाचांतली धूळ पुसत आली होती.

टिल्लीच्या बोटाच्या जरा वर पुढची खाच होती. सरळ, खोल. आजीच्या थोरल्याची. त्याच्या वाढदिवशी आजोबांना सुरी सापडत नव्हती, ती आजीनंच शोधून हातात दिली होती.