हातांच्या पट्ट्या

पडद्यावर यांना तिसऱ्या फेरीत आडवे पाडले, तेव्हा सगळ्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

डहाणूच्या आमच्या व्यायामशाळेचा वर्धापनदिन होता. सत्कार करायचा म्हणून यांना पहिल्या रांगेत बसवले होते, शेजारी मी. सचिव परेशने यांचा जुना फोटो मिळवून संगणकावर मुष्टियुद्ध रचले होते: आमच्या तरुणपणीचे रेल्वेचे विजेते गोपीनाथ विरुद्ध आजचा जिल्हा विजेता देवेश.

"परेश, हा खेळ कोणाला विचारून मांडलास?"

"काकू, मस्तीत घ्या ना. लोक अली विरुद्ध टायसनपण लावतात. निकाल ॲपने काढलाय, आपलं काय नाय त्यात."

"त्यांना असे समोर बसवून पाडतात का?"

मागून कोणीतरी हसले. "आजी, देवेश भारीच आहे. मान्य करा की!"

"असेल भारी. झाई गावच्या बारक्याशी हे लढले तेव्हा यांचा अंगठा मोडलेला होता. तरी जिंकले. आणि गळ्यात हार पडण्याआधी खाली बसून बारक्याच्या हातांना गुंडाळलेल्या पट्ट्या यांनी स्वतः सोडल्या. हरलेल्याच्या पट्ट्या जिंकणाऱ्याने सोडायच्या, हा या व्यायामशाळेचा रिवाज होता. तुमच्या ॲपला ठाऊक आहे तो?"

मी यांचा दंड धरला. "चला. असला सत्कार आपल्याला नको."

हे उठले नाहीत. डोक्यावर झेललेल्या ठोशांनी गेल्या काही वर्षांत यांची स्मृती पोखरत आणली आहे. सकाळचे संध्याकाळी आठवत नाही. पण पडद्यावरचा तो तरुण चेहरा आपला आहे, एवढे यांनी नेमके ओळखले होते.

"मी हरलो?" यांनी मला विचारले.

यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पलीकडच्या खुर्चीवर हार घालून बसलेल्या देवेशपुढे आपले दोन्ही हात धरले. कितीजणांच्या पट्ट्या यांनी सोडलेल्या मी पाहिल्या होत्या; यांचे हात पुढे झालेले कधीच पाहिले नव्हते.

देवेश गोंधळला. "काय आजोबा? शेकहँड?"

"जिंकलास ना?" मी म्हणाले. "मग हार काढ. खाली बस. आणि सोड."

"पण आजी, पट्ट्या तर..."

"सोड म्हणते ना!"

त्याने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. गुडघे टेकले. त्या उघड्या मनगटावरून तो नसलेली पट्टी उलगडू लागला. आधी लाजत, उरकून टाकावे तसा. परेशने पडदा बंद केला.

उजव्या अंगठ्यापाशी त्याचे बोट पोहोचले, तसे हे कळवळले.

"हळू रे बाबा. तिथे मोडलंय."

देवेशने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग तो अंगठा तळहातावर अलगद घेऊन अगदी सावकाश एकेक वेढा सोडवू लागला.