हिरवी पेन्सिल

आमचे जिल्हाप्रमुख ओटमार रीगर तीन राजवटींत एकाच खुर्चीवर बसले. भिंतीवरचा फोटो बदलायचा, खिळा तोच. हुकूमशाही आली तेव्हा साहेबांनी पक्षाचा बिल्ला लावला, अगदी सरळ, पट्टीने मोजून. मी त्यांची टायपिस्ट, कुनिगुंड शॉयबले. बावीस वर्षं त्यांची पत्रं मी बडवली.

हिरवी पेन्सिल आमच्या कचेरीत फक्त साहेबांची. इतर कुणी वापरली तर गावभर बोभाटा व्हायचा. साहेब प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. स्वल्पविराम राहिला की कागद परत. एकदा मेंढ्यांच्या लसीचं परिपत्रक चार वेळा परत आलं. मी म्हटलं, "साहेब, मेंढ्या कुठे वाचणार आहेत?"

"मेंढ्या नाही वाचणार. मी वाचणार," साहेब म्हणाले.

चाळीस साली मी एक यादी टाइप केली. मनोरुग्णांच्या इस्पितळातून दुसरीकडे हलवायच्या माणसांची. त्यात माझी धाकटी बहीण आफ्रा होती. तिला फिट्स यायच्या, बाकी पोर सोन्यासारखी. सुट्टीला घरी आली की कचेरीत आलुबुखाराचा केक घेऊन यायची, साहेब दोन तुकडे खायचे. यादी सही होऊन परत आली. आफ्राच्या जन्मतारखेवर हिरवी खूण होती, पंधराचे चौदा केले होते. बरोबरच होतं, चौदा ऑक्टोबर. घाईत मीच चुकले होते.

मी विचारलं, "साहेब, हे काय आहे?"

"बदली हो, बाई. तिकडची हवा चांगली आहे."

मी विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू? राखाडी बस आली, आफ्रा गेली. तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने वारल्याचं पत्र आलं. जुलै महिन्यात न्यूमोनिया! त्या बसमधली सगळीच माणसं तिकडे मारली गेली, हे गावाला पुढे कळलं.

युद्ध हरलो. साहेबांची खुर्ची गेली आणि हुकूमशाहीत कुणी काय केलं ते तपासायला गावात चौकशी मंडळ बसलं. ज्याला त्याला चांगल्या वर्तणुकीचे दाखले गोळा करायचं वेड लागलं. लोक त्यांना धुलाईचे दाखले म्हणत, मागचे डाग धुऊन काढणारे. पाद्रीबुवांनी म्हणे एका दिवसात चाळीस दिले. साहेबही टोपी हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले.

"कुनिगुंडबाई, चार ओळी लिहा. तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे."

सगळंच ठाऊक होतं. मला दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा तोंडाने म्हणावं, 'ती यादी मी वाचली होती.' एवढंच. पण ते विचारायला माझी जीभ रेटेना. मी लिहिलं: वक्तशीर, सभ्य, कधी आवाज चढवला नाही. साहेबांचा चेहरा पडला.

"आणि माझं काम? एकही कागद न वाचता सही केली नाही, ते लिहा ना!"

"साहेब, ते वाक्य नको."

"नको कसं? तेच तर मुख्य आहे!"

"बघा हं. पुन्हा विचारते."

"बाई, इतक्या वर्षांची इज्जत आहे माझी!"

मी लिहिलं. त्यांनी खिशातून हिरवी पेन्सिल काढून स्वल्पविराम घातला आणि खुशीत गेले.

मंडळाचा अध्यक्ष फ्रिडोलिन सुतार, दोन वर्षं छळछावणीत काढून आलेला. त्याने यादी वर धरली. "सही तुमची?"

"माझीच," साहेब म्हणाले. "पण रोज शंभर कागद यायचे हो. गठ्ठ्यात सही झाली, बघितलंसुद्धा नाही."

सुताराने सावकाश माझा दाखला काढला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग त्याने विचारलं, "आणि ही हिरवी चौदा कुणाची?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"वाचली होती," साहेब म्हणाले. "नाव ओळखीचं होतं. तारीख चुकली होती, म्हणून दुरुस्त केली."

"फक्त तारीख?" सुतार म्हणाला.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. कसलं हलकं? यादी टाइप मीच केली होती.

निकाल लागला: गुन्हेगार नाही, नुसता मागे मागे गेलेला माणूस. थोडा दंड. तीन वर्षांनी साहेब पुन्हा खुर्चीवर, तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल तर तुम्ही आमच्या गावचे नाही. मीही पुन्हा टाइपरायटरवर. पोट कुणाला चुकलंय?

फक्त एक नियम मी घातला. नावांची यादी असली, मग ती कोळशाच्या वाटपाची का असेना, की मी ती टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचते. नाव, जन्मतारीख, एकेक करून. साहेब शेवटपर्यंत ऐकून घेतात. पहिल्या दिवशी म्हणाले होते, "बाई, मला वाचता येतं."

"ठाऊक आहे, साहेब," मी म्हटलं, आणि वाचत राहिले.

कुणाची तरी चौदा ऑक्टोबर निघते कधीकधी. तेव्हा साहेब पेन्सिल खाली ठेवतात, आणि मी पुढचं नाव घेते.