जाहिरातीचं शेवटचं वाक्य

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. तोंडावरचा स्पंज फाटलाय, मान ढिली झालीय. ऐकू मात्र अजून सगळं येतं. ऐकून काही वाटत नाही, एवढंच.

कारखान्यातून निघालो तो थेट या खोलीत आलो. भिंतींना फोम, दाराला जाड पडदा. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, मग उन्हाळ्यात माणसं घामाघूम. माझ्यासमोर सगळ्यात जास्त बसली ती ताई. साबण, कुकर, शिकवण्या, गाद्या, रेडिओवरची जाहिरात कशाचीही असो, आवाज तिचाच. वाचायच्या आधी ती हातातलं घड्याळ काढून बाहेर ठेवायची, कारण टिकटिक मला ऐकू यायची. मग कोमट पाण्याचा एक घोट, आणि पहिल्याच टेकला ओके. आवाज असावा तर असा, असं लोक म्हणायचे. त्यातलं थोडं कौतुक माझ्याही वाट्याला यायचं. तेव्हा मला रोज मऊ फडक्याने पुसत असत.

निवडणूक आली की कामाला नुसता ऊत यायचा. प्रचाराच्या जाहिरातीत शेवटी खर्च कोणी केला ते सांगायचं, असा नियम. बाकीचे वाचणारे ते वाक्य कसंबसं उरकायचे. ताई नाही. तिथे तिचं अक्षरन् अक्षर सुटं. रेकॉर्डिंग करणारा तिची चेष्टा करायचा, की ताई, या वाक्याला कोण टाळ्या वाजवणार आहे? ती म्हणायची, "अरे, मी कोणाच्या पैशाने बोलतेय, ते ऐकणाऱ्याला कळायला नको?"

ताईचा थोरला भाऊ निवृत्त बस ड्रायव्हर. दुपारी तिचा डबा घेऊन तोच यायचा. दादाचं छातीचं दुखणं जुनं होतं. मधूनच श्वास कोंडायचा. गल्लीच्या टोकाला सरकारी इस्पितळ होतं, तिथे जाऊन तासभर ऑक्सिजन घेतला की गडी पुन्हा गप्पा हाणायला हजर. त्या वर्षी ते इस्पितळ बंद होणार अशी कुणकुण लागली. दादाने धसकाच घेतला.

आणि नेमकी ती जाहिरात आली. इस्पितळ बंद होणार ही निव्वळ अफवा आहे, आमच्या उमेदवाराला निवडून द्या, इस्पितळ कुठेही जाणार नाही. ताईला तर हायसंच वाटलं. तिने जीव ओतून वाचली. शेवटचं वाक्यही नेहमीसारखं, सावकाश. ती गेल्यावर रेकॉर्डिंग करणाऱ्याने तेवढ्या वाक्याचा वेग वाढवला. इतका, की काय म्हटलं ते कळेचना. गिऱ्हाइकाने तसं बजावलं होतं. नियमात सांगा म्हटलं होतं, कळेल असं सांगा म्हटलं नव्हतं.

उमेदवार निवडून आला. वर्षभरात इस्पितळाला टाळं लागलं आणि जागा एका बांधकाम कंपनीकडे गेली. टाळं लागलं त्या दुपारी दादा डबा ठेवून कितीतरी वेळ नुसता धापा टाकत बसला.

मग म्हणाला, "तुझा आवाज होता गं. मी डोळे झाकून मत दिलं. घरातल्यांनाही द्यायला लावलं."

ताईचा डबा तसाच राहिला.

दुसरं इस्पितळ शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. एका सकाळी दादाला रिक्षात घालून तिकडे नेत होते. वाटेतच तो गेला.

काही दिवसांनी ताई आली. रडली वगैरे नाही. ती जाहिरात लाव म्हणाली, वेग वाढवायच्या आधीची. रेकॉर्डिंग करणाऱ्याने मुकाट्याने लावली. शेवटी तिच्याच आवाजात खर्च करणाऱ्याचं नाव आलं, अगदी स्वच्छ. इस्पितळाची जागा घेणारी तीच कंपनी.

"हे मी वाचलं होतं?"

"हो ताई. तुम्हीच."

"मग मला कसं ऐकू आलं नाही?"

त्याने जाहिरात बंद केली. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे तोडायचा, तिचं सगळं लक्ष तिकडे. नाव तिच्या तोंडून निघून माझ्याकडे आलं, आणि माझ्यातून तारेत गेलं. वाटेत कोणीच ऐकलं नाही.

आता ताई येत नाही. मला पुसतही नाही कोणी. त्याचं राहू द्या, मित्रांनो. जाहिरात संपता संपता कोणीतरी घाईघाईने एक नाव घेतं, तेवढं ऐकत जा. नाही कळलं, तर कोणाचं नाव घेतलं म्हणून विचारा. आणि सांगितलं नाही, तर आधीच्या एका शब्दावरही विश्वास ठेवू नका, मग आवाज तुमच्या सख्ख्या बहिणीचा का असेना.