माईमाईचा धाकटा

"घे ना गं बये," यिनश्यू गजांतून हात आत घालून पुन्हा म्हणाली.

माईमाईने तळहातावरच्या पिल्लाला हुंगलं, तोंड फिरवलं आणि मधाच्या पाण्याचा वाडगा स्वतःकडे ओढून घेतला.

जुळं झालं की एकालाच जवळ करायचं, दुसऱ्याला टाकायचं, ही पांडांच्या आयांची रीत. म्हणून सिचुआनच्या डोंगरातल्या या पांडा-केंद्रातली माणसं माईमाईला रोज फसवत. तिचं तोंड वाडग्यात गेलं की कुशीतलं पिल्लू हळूच काढायचं आणि दुसरं सरकवायचं. दोघांनाही आळीपाळीने दूध. जन्मल्यापासून हे बिनबोभाट चाललं होतं. आज मात्र थोरला टोपलीत येऊन पडला आणि धाकट्याला राणीसाहेब शिवायला तयार नव्हत्या.

धाकटा आधीच मूठभर. त्यात कालपासून बाटलीतलं दूध त्याच्या पोटात ठरत नव्हतं. आज आईचं मिळालं नाही तर हा टिकायचा नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट सांगून गेल्या होत्या.

"मध ढोसायला बरी पुढे असतेस," यिनश्यू करवादली. "पोटच्या पोराला मात्र ओळख देत नाहीस."

"शिव्या घालून तिला पान्हा फुटणार आहे का?" मागून फू उस्ताद म्हणाले. माईमाईला त्यांनीच लहानाची मोठी केलेली. तिची चूक त्यांना कधी दिसतच नसे.

"तुमची लाडकी ना? मग तुम्हीच समजवा. तिकडे माझी तान्ही लेक घामोळ्यांनी हैराण, इकडे हिचे नखरे."

"घामोळ्यांना काय लावतेस?"

"सासूबाई नागदवण्याचा पाला उकळतात. त्याच पाण्याने आंघोळ घालून आले."

उस्तादांनी वाकून तिचा हात हुंगला, मग पिल्लाचं डोकं. "शाबास. पोरगं तुझ्या न्हाणीघरासारखं घमघमतंय. ती विचारतेय, हे कुणाचं म्हणून."

"साबणाने खसाखसा धुतलेत हो हात."

"नाक तिचं आहे, तुझं नाही."

यिनश्यूला सगळ्यांचाच राग आला. तेल सोडलं, पावडर सोडली, कामावर येताना लसूणसुद्धा सोडला. आता लेकीला न्हाऊ घालणंही सोडायचं?

उस्तादांनी माईमाईच्या मुताने भिजलेला बांबूचा पाला आणला. यिनश्यूने तो हातांना कोपरापर्यंत चोळला, मग धाकट्याच्या पाठीपोटावरून हलकेच फिरवला. त्याचं काळीज बोटांखाली फडफडत होतं.

"आता तरी घे, माझे आई."

माईमाईने हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग त्याला अलगद तोंडात धरून छातीशी नेलं. तो आंधळ्यासारखा चाचपडत थेट काखेत शिरला.

"अरे गाढवा, खाली. खाली ये."

माईमाईने पंजाने त्याला सारखा केला. चुटूचुटू आवाज सुरू झाला आणि यिनश्यूचा सदरा छातीपाशी ओला होत गेला.

उस्ताद खिडकीबाहेर बघत म्हणाले, "थोरल्याला मी नेतो. तू घरी जा, लेक वाट बघत असेल."

"बघू दे थोडी. तिला आजी आहे, आत्या आहे. याला ही एवढी एकच, आणि हिचा काय भरवसा."

असं म्हणून, घाण वासाचे हात अंगापासून लांब धरून, ती गजांपाशीच उभी राहिली. आत माईमाई डोळे मिटून त्याला चाटत होती.